पयून जाय, मामा

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरात आम्ही दोन भाषांत राहतो. भाजी मराठीत घेतो, भांडण मराठीत करतो, आणि कचेरीत, दवाखान्यात, ठाण्यात पाय ठेवला की जीभ आपोआप हिंदीकडे वळते. बाहेरच्या माणसाला याची मजा वाटते. मलाही वाटते, नाही असं नाही. पण एका शब्दापाशी माझी मजा संपते. आमच्याकडे रक्ताला रगत म्हणतात. हिंदीत त्याला खून म्हणतात. आणि मराठीत खून म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला मी सांगायला नको. या एका शब्दानं माझ्या लहानपणी मला असं काही घाबरवून ठेवलं, की आज सत्तरीकडे झुकले तरी कोणी हिंदीत 'खून' म्हटलं की आधी माझा हात छातीशी जातो आणि अर्थ मागून येतो.

तेव्हा आम्ही कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत राहायचो. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा हंगाम लागला की त्या यंत्रांची घरघर दिवसभर भिंतीतून घरात यायची, आणि संध्याकाळी ती थांबली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. कापसाचे बारीक तंतू सगळीकडे उडत असायचे. दाराच्या कडीला, दोरीवरच्या कपड्यांना, बाबांच्या भुवयांना, अगदी तव्यावरच्या भाकरीलासुद्धा. माय भाकर थापायच्या आधी पिठावर फुंकर मारायची आणि आत्या म्हणायची, "खाऊ दे वं, कापूसच तर हाय, पोटात गादी होईन." आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली ती कायमची. तोंडानं फटकळ, पण तिच्या हातची अंबाडीची भाजी आणि वर जवसाची चटणी असली की बाबा एक भाकर जास्त खायचे. त्या हिवाळ्यात मायला दिवस गेले होते. मला भाऊ पाहिजे होता, कारण गल्लीतल्या बाकी सगळ्या पोरींना भाऊ होता. दुसरं काही कारण नव्हतं.

भाऊ नव्हता त्याची भरपाई मी मामावर करून घेत असे. मामा मायचा धाकटा भाऊ, नाव गोविंदा, राहणार सावरगावचा. सावरगाव म्हटलं की आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही, पण सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांवर दगड फेकतात. त्याला गोटमार म्हणतात. मामा मिसरूड फुटल्यापासून त्यात उतरायचा. त्याच्या डोक्यात, कपाळावर, कोपरावर जागोजागी व्रण होते. मी त्याच्या मागे बसून केसांतले व्रण बोटानं चाचपायची आणि प्रत्येक व्रणाची गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्यायची. गोटमार झाली की चार दिवसांनी तो डोक्याला फडकं बांधून सौंसरला यायचा. माय त्याला आधी मनसोक्त शिव्या द्यायची आणि मग हळद गरम करायची. "कितीक रगत सांडलं असन रे तुहं," ती म्हणायची. त्यावर मामा छाती काढून म्हणायचा, "सांडलं नाई वं बाई. देवीले देल्लं." माझ्या दृष्टीनं मामापेक्षा शूर माणूस जगात नव्हता.

त्याच हिवाळ्यात, मायच्या दुखण्याच्या थोडं आधी, जवळच्या एका खेड्यात भावाभावांत बांधावरून जुंपली आणि एकानं दुसऱ्याला कुऱ्हाडीनं मारलं. पोलिसांची जीप आमच्या रस्त्यानं गेली. नळावर बाया घागरी भरायच्या सोडून डोक्याला डोकं लावून बोलायच्या, आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. माझ्या कानावर त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा पडला. मी आत्याला विचारलं, खून म्हणजे काय. आत्या तांदूळ निवडत होती. "मानसाले मारून टाकतेत त्याले खून म्हनतेत," ती म्हणाली. "जाय, खेय जाऊन." खेळायला कुठली जाते मी. त्या दिवसापासून मी संडासालासुद्धा कोणाला तरी सोबत घेऊन जायला लागले. मी भित्रीच होते, ते लपवून काय करू?

आणि मग ती सकाळ. मी दारात पाढे म्हणत बसले होते. मागच्या अंगणातून मायनं हाक मारली, मोठ्यानं नाही, कोणाला त्रास होऊ नये अशी. मी गेले तर ती न्हाणीच्या भिंतीला टेकून खाली बसली होती, आणि तिच्या लुगड्याखालून लाल ओघळ मोरीकडे चालला होता. मी ओरडलेच नाही. आत्यानं पाहिलं, आत्या ओरडली, बाबा जिनातून धावत आले. सौंसरच्या डॉक्टरांनी नाडी धरली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, इथे हात लावत नाही, छिंदवाड्याला न्या, लगेच न्या. जिनाच्या मालकानं जीप दिली. घाट चढताना मायचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या. मायचे ओठ आणि गाल एका रंगाचे झाले होते. आत्या सगळ्या घाटात एक शब्द बोलली नाही, आणि आत्या गप्प बसली याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

छिंदवाड्याचा दवाखाना मोठा होता. फिनेलचा वास, लोखंडी खाटा, आणि व्हरांड्यात आमच्यासारखी गावोगावची माणसं बोचकी घेऊन बसलेली. डॉक्टर तिकडचे, हिंदी बोलणारे. चांगले होते बिचारे, आज मला ते कळतं. ते बाहेर आले आणि बाबांना म्हणाले, "बच्चा तो गया. अब औरत को बचाना है. खून लगेगा. जल्दी खून का इंतज़ाम करो."

बाबा हात जोडून म्हणाले, "मेरा ले लो, साहब."

मी बाबांच्या धोतराचा सोगा धरून उभी होते. ऐकलं आणि सोगा आणखी घट्ट धरला. त्यांनी तो सोडवला आणि ते आतल्या एका खोलीत गेले. दार लागलं. मी त्या दाराकडे पाहत राहिले. आता बाबा बाहेर येणार नाहीत, एवढंच मला माहीत होतं. पण ते आले, मान खाली घालून, दंडावर कापसाचा बोळा दाबून. मागून डॉक्टर आले. "तुम्हारा नहीं चलेगा. दूसरा आदमी लाओ. जवान, तंदुरुस्त. कल तक. उसके बाद मैं कुछ नहीं कह सकता."

आता तुम्हीच सांगा, त्या वयाच्या पोरीनं याचा काय अर्थ लावावा? हिंदी मला येत नव्हती असं नाही. बाजारापुरती येत होती. पण खून हा शब्द मला एकाच अर्थानं ठाऊक होता, आणि त्याच्या पुढेमागे जे जे बोललं गेलं ते सगळं त्या अर्थात चपखल बसत होतं. माय वाचायची तर एका माणसाला मारावं लागणार. बाबा तयार झाले, पण त्यांचा चालला नाही. जवान माणूस पाहिजे. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मी आत्याला हळूच विचारलं, "आत्या, खरंच मानूस लागते काय?"

आत्या पदरानं डोळे पुसत होती. "लागते तर," ती म्हणाली. "एकाचा जीव काहाडून दुसऱ्याच्या आंगात घालतेत हे लोक. तुह्या बापाचा नाई जमला. आता दुसरा कोनी सापडला पायजे." तिला म्हणायचं होतं ते वेगळं. तिच्या समजुतीप्रमाणे अंगातलं रगत एकदा गेलं की परत भरत नाही, माणूस जन्मभर पोकळ राहतो. त्या काळी सगळ्यांचीच ती समजूत होती, आणि आजही शिकली सवरली माणसं मला तेच सांगतात तेव्हा मी त्यांना आत्याच्या पंगतीत बसवते. पण तिच्या त्या एका वाक्यानं माझ्या मनातला उरलासुरला संशय फिटला.

दवाखान्याच्या फाटकाशी एक माणूस बसलेला असायचा. हाडकुळा, पिवळ्या डोळ्यांचा. कोणीतरी बाबांना म्हणालं की हा पैसे घेऊन देतो, नेहमीचाच आहे. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यानं बाही वर केली. बाबांनी त्याच्या दंडाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि परत आले. "त्याच्याच आंगात नाई," ते आत्याला म्हणाले, "त्याचं काय घेऊ? मी सावरगावले जातो. गोविंदाले आनतो."

गोविंदाले. माझ्या मामाले. बाबा फाटकाबाहेर गेले, मोटार स्टँडच्या दिशेनं, आणि मी त्यांना थांबवलं नाही, कारण थांबवलं तर माय मरणार होती.

ती रात्र मी इथे सांगत बसत नाही. सकाळी व्हरांड्याच्या मागे, जिथे पेशंटचे नातेवाईक तीन दगड मांडून स्वयंपाक करायचे, तिथे आत्यानं खिचडी शिजवली. शेजारच्या चुलीवरची बाई कांदा देऊन गेली. आत्यानं माझ्यासमोर थाळी ठेवली आणि म्हणाली, खाय. मी घास तोंडात घातला आणि तो तोंडातच राहिला. आत मायच्या खाटेपाशी मला थोडा वेळ जाऊ दिलं होतं. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि "जेवली काय?" असं ओठांनी विचारलं. आवाज नव्हता. मी हो म्हणून मान हलवली आणि बाहेर पळाले. मला एकाच वेळी मामा यायला पाहिजे होता आणि मामाची मोटार घाटात बंद पडायला पाहिजे होती. देवाला काय सांगावं तेच कळेना. शेवटी मी देवाला म्हटलं, तूच काय ते पाह्य.

दुपारी ते आले. मामा पुढे, बाबा मागे. मामानं स्वच्छ पांढरा सदरा घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता आणि खांद्यावर संत्र्यांची पिशवी होती. लग्नाला निघाल्यासारखा सजून आलेला पाहून मला रडूच कोसळलं. "काय वं बेबे," तो म्हणाला, "रडून काहून राहिली? मी आलो न आता." त्यानं एक संत्रं सोललं, फोडीची शीर काढून माझ्या तोंडात घातली. मग मामालाही त्या दार लागणाऱ्या खोलीत नेलं आणि थोड्या वेळानं बाहेर आणलं. पांढऱ्या साडीतली नर्स हसत हसत बाबांना म्हणाली, "इनका जम गया. बस, अभी बुलाते हैं." बाबांनी डोळे मिटले आणि खांबाला टेकले. मामा हसला, पण ते हसणं अर्धंच राहिलं. तो म्हणाला, "भाऊजी, मी पान खाऊन येतो," आणि फाटकाकडे चालू लागला.

मामा एकटा सापडण्याची ही एकच वेळ आहे, एवढं मला कळलं. आत्याची पाठ वळली तशी मी निघाले. पानठेल्यावर मामा नव्हता. रस्त्याच्या पलीकडे सौंसरकडे जाणारी मोटार उभी होती, तिचं इंजिन सुरू होतं, कंडक्टर ओरडत होता, आणि मामाचा एक पाय मोटारीच्या पायरीवर होता. मी धावत जाऊन मागून त्याचा सदरा धरला. तो असा दचकला की दांडीवरचा हात सुटला.

"तुले कोनं धाडलं?" तो म्हणाला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घामानं भिजला होता, हिवाळ्यात.

"कोनी नाई. मामा, पयून जाय."

"आं?"

"पयून जाय, मामा. गाडीत बस. मी कोनाले सांगत नाई. ते तुहा खून करून राहिले. मायसाठी. बाबाचा नाई चालला म्हून तुले आनलं. मले सारं माहीत हाय. तू जाय."

कंडक्टर म्हणाला, चलना है तो चलो भाई. मामानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"अन तुही माय?" त्यानं विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. सकाळपासून मी ते तोंडात धरून बसले होते, पण ते मोठ्यानं म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. "माय मरन," मी म्हटलं.

मोटार निघून गेली. मामा तिथेच रस्त्याच्या कडेला धुळीत बसला, त्या पांढऱ्या सदऱ्यासकट. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसतो आहे की रडतो आहे हे मला कळेना, आणि खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वेळा विचारूनही त्यानं ते सांगितलं नाही. मग तोंडावरचे हात काढून म्हणाला, "रगत वं, बेबे. हिंदीत रगताले खून म्हनतेत. डाक्टर माह्या हातातून थोडंसं रगत काहाडन अन तुह्या मायले देईन. मी मरत नाई. कोनीच मरत नाई."

"मंग तू पयून काहून राहिला?"

मामा माझ्याशी कधी खोटं बोलायचा नाही. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, कोणी सावरगावचं ऐकत नाही ना म्हणून, आणि हळूच म्हणाला, "भेव लागलं मले. गोट्याचं भेव नाई लागत. गोटा येताना दिसते, लागला त लागला, रगत निघते अन वाहून जाते. इथं ते बाटलीत जमा होऊन राहिलं अन आपून पडल्या पडल्या पाहून राहिलो, हे माह्याच्यानं नाई होत." मग त्यानं उठून सदऱ्याची धूळ झटकली. "तू माह्यासाठी मायले सोडाले निंगाली होती, अन मी सुईले भेऊन पयून राहिलो. चाल. पन हात धर माहा. सोडजो नोको."

मी हात धरला. माझ्या हातापेक्षा त्याचा हात जास्त ओला होता.

त्या खोलीत लहान पोरांना नेत नसत, पण मामा म्हणाला, ही नसली तर मी नाही. नर्सनं कपाळाला हात लावला आणि मला स्टुलावर बसवलं. मी मामाचा डावा हात धरला. उजव्या हातात सुई गेली. मामा छताकडे पाहत होता. मी मात्र बाटलीकडेच पाहत होते, काचेची बाटली, तिच्यात खालून वर चढत जाणारं काळसर लाल. समजावून सांगितलेलं सगळं डोक्यात होतं, पण डोक्यात असणं वेगळं आणि पोटात असणं वेगळं. मध्येच मामाचा चेहरा राखुंडीच्या रंगाचा झाला, त्याचे डोळे वर गेले आणि माझ्या हातातला त्याचा हात सैल पडला. झालं. समजूत गेली, रगत गेलं, हिंदी गेली. मी स्टुलावर उभी राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "खून! खून झाला!"

नर्स धावत आली. बाटली पाहिली, मामाचे पाय उशीवर घेतले, तोंडावर पाणी शिंपडलं आणि माझी पाठ थोपटत म्हणाली, "हाँ बेटा, खून ही तो है. डर मत."

तिनं मला धीर दिला होता. माझी काय दशा झाली ते मी सांगू शकत नाही. पण तेवढ्यात मामानं डोळे उघडले, मान वळवली आणि विचारलं, "कोनाचा झाला वं बेबे?" आणि त्या फिनेलच्या वासात, त्या बाटलीशेजारी, आम्ही दोघं असे हसलो की नर्सला वाटलं दोघांच्याही डोक्यावर परिणाम झाला.

संध्याकाळपर्यंत ती बाटली मायच्या खाटेशी उलटी टांगलेली होती. एक एक थेंब नळीत पडायचा आणि आत्या प्रत्येक थेंबाबरोबर काहीतरी पुटपुटायची. मामा व्हरांड्यात पडून गुळाचा चहा पीत होता आणि आत्या मध्येच येऊन त्याची बोटं दाबून पाहायची, पोकळ झालीत का म्हणून. दिवे लागायच्या वेळी मायनं पुन्हा विचारलं, "जेवली काय?" आणि या वेळी आवाज आला. मी आत्याजवळची सकाळची गार खिचडी घेतली आणि तिच्यासमोर बसून सगळी संपवली. भाऊ मला मिळाला नाही. माय मिळाली, आणि ती नातवंडांची लग्नं पाहून गेली.

पुढे गावोगाव रक्तदानाची शिबिरं सुरू झाली तेव्हा मामा सायकल मारत जायचा. पहिल्यांदा पुन्हा चक्कर आली. नंतर सवय झाली. कोणी काही देऊ केलं तर घ्यायचा नाही. फाटकाशी बसलेला तो पिवळ्या डोळ्यांचा माणूस त्यानंही पाहिला होता. देऊन झालं की तो सरळ माझ्याकडे यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "बेबे, खून करून आलो, चहा ठेव." माझ्या सासूबाई पहिल्यांदा हे ऐकून देवघरात जाऊन बसल्या होत्या. मीही द्यायला लागले, शाळेत नोकरीला लागल्या वर्षापासून. भीती गेली म्हणून नाही. सुई टोचताना मी आजही तोंड फिरवते. भीती घेऊनच जायचं असतं, एवढं मी त्या मोटारीच्या पायरीपाशी शिकले.

हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात मामा न्हाणीत घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आता तो चांगलाच थकला आहे, मामी गेली, मुलं पुण्याला. शेजाऱ्यांनी मला फोन केला आणि आम्ही त्याला छिंदवाड्याला नेलं, त्याच दवाखान्यात. आता तो दवाखाना ओळखू येत नाही, इतका वाढला आहे. ऑपरेशनला रक्त लागणार होतं. मी पदर खोचून पुढे झाले आणि बाही वर केली. समोरचा तरुण डॉक्टर नम्रपणे म्हणाला, "माताजी, आपका नहीं चलेगा. पैंसठ के बाद नहीं लेते. घर में कोई जवान हो तो बुलाइए."

मी बाकावर येऊन बसले आणि फोन काढला. मामाच्या थोरल्या मुलाला लावला. तो म्हणाला, ताई, मी निघतोच, उद्यापर्यंत पोहोचतो. डॉक्टरांना आज पाहिजे होतं. मग गल्लीतल्या एकेकाला आठवू लागले आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं की आमच्या गल्लीत दुपारी ओट्यावर बसलेली सगळी माणसं माझ्याच वयाची आहेत. घरोघरी गोळ्यांचे डबे आहेत, आणि गोळ्या खाणाऱ्यांची पोरं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला आहेत. रक्त लागणारे इथे आणि देणारे तिकडे. उद्या मला लागलं तर कोण येईल, हा विचार मी त्या बाकावर केला आणि पुन्हा तीच लहानपणची गार भीती पोटरीपासून वर चढली. फरक एवढाच की तेव्हा मला वाटत होतं एक माणूस मरणार, आणि आता वाटत होतं की कोणी माणूसच उरला नाही.

मी मामापाशी गेले. त्याला कमी ऐकू येतं. मी त्याचा हात धरला. तो सुकला आहे, पण पकड तशीच आहे. तेवढ्यात नर्स आली. तरुण पोरगी, हातात रक्ताची पिशवी. आता काचेची बाटली नसते. मोठ्यानं म्हणाली, "दादाजी, आपका खून आ गया."

माझा हात छातीशी गेला. मामाच्या सुरकुतल्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"कोनाचा झाला वं बेबे?" तो म्हणाला.

मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, मालूम नहीं, रक्तपेढीत मिळालं, कुठल्यातरी कॉलेजात शिबिर झालं होतं, तिथलं आहे. मी चष्मा लावून पिशवी पाहिली. तिच्यावर गट होता, नंबर होता, तारीख होती. नाव कोणाचं नव्हतं.

"नाव नाई लिवलं, मामा," मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "कोनी पोट्टं असन. नाईतर पोट्टी."

मामा बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत राहिला. या वेळी त्यानं नजर छताकडे वळवली नाही. पहिला थेंब नळीत पडला तेव्हा त्याची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली.

"भेव त्यालेई लागलं असन," तो म्हणाला. "पयाला नाई पन."